ताई, कप आत हरवला तर?

मागच्या अंकात पाळीच्या कपबद्दल चार ओळी काय लिहिल्या, पत्रांचा आणि मेलचा ढीगच लागला. ज्यांनी तो अंक वाचला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. मऊ सिलिकॉनचा छोटा कप असतो, तो घडी करून योनिमार्गात बसवायचा, तो रक्त शोषून घेत नाही तर साठवतो, आठ ते बारा तासांच्या आत काढून ओतायचा, धुवायचा, परत बसवायचा, आणि नीट सांभाळला तर काही वर्षं आरामात चालतो. सगळी पत्रं छापणं शक्य नाही म्हणून जे प्रश्न परत परत आलेत ते घेतलेत. नावं कुणाचीच छापत नाहीये, बिनधास्त लिहीत जा.

प्रश्न : ताई, मी २६ वर्षांची आहे, पुण्यात जॉब करते, लग्न झालेलं नाही. रूममेट कप वापरते, तिचं बघून मीपण ऑनलाइन मागवला. आईला कळलं तर ती म्हणाली लग्नाआधी असलं काही आत घालायचं नसतं, पडदा फाटतो, उद्या नवऱ्याला काय सांगशील. मला पडद्याचं एवढं नाही वाटत पण खरं सांगू का, तो आत हरवला किंवा पोटात गेला तर काय करायचं हीच भीती जास्त आहे. बॉक्स उघडते, बघते, परत ठेवून देते. – एक वाचक, पुणे

उत्तर : अगं, आधी तुझी भीती घेऊ, आईची नंतर. कप पोटात जाऊच शकत नाही. योनिमार्ग साधारण बोटभर लांबीचा असतो आणि वरच्या टोकाला बंद असतो, तिथे गर्भाशयाचं तोंड असतं. त्या तोंडाला असलेलं छिद्र इतकं बारीक असतं की त्यातून रक्त झिरपत खाली येतं पण कप वर जाण्याचा प्रश्नच येत नाही. हे माझ्यावर विश्वास ठेवून मानू नकोस, स्वतः बघ. हात साबणाने धू, नखं कापलेली असू देत, उकिडवी बस आणि मधलं बोट हळूच आत घाल. वर नाकाच्या शेंड्यासारखं काहीतरी टणक गोलसर लागेल, ते गर्भाशयाचं तोंड. बोट पूर्ण आत गेल्यावर लागलं तर ते उंच आहे, एका पेरावरच लागलं तर खाली आहे आणि मग तुला बुटका कप बरा पडेल. पाळीच्या दिवसातच हे बघायचं कारण महिनाभर ते वरखाली होत असतं. कितीतरी मुलींना पंचविशी उलटली तरी लघवीची जागा वेगळी आणि पाळीची वेगळी हेच कुणी सांगितलेलं नसतं, मग कपची भीती वाटणार नाही तर काय होणार.

आता पहिल्यांदा बसवताना. ऑफिसच्या सकाळी घाईत अजिबात करू नकोस, सुट्टीचा दिवस बघ, आणि पाळीचा दुसरा दिवस बरा कारण तेव्हा ओलावा असतो. कप आधी पाच मिनिटं उकळून घे, गार होऊ दे. बाथरूममध्ये उकिडवी बस, कप पाण्याने ओला कर, वरच्या कडेवर एका बाजूने बोट ठेवून ती कड आत दाब, म्हणजे टोक निमुळतं होतं, हा पंच-डाऊन फोल्ड आणि पहिल्यांदा करणाऱ्यांना तोच सोपा जातो. मग सरळ वर नाही ढकलायचा, मागे, माकडहाडाच्या दिशेने. इथेच बहुतेक जणी चुकतात, वर ढकलत राहतात आणि मग दुखतं. आत गेला की सोडून दे, तो उघडतो, कधी कधी पक् असं जाणवतंसुद्धा. बोट कपच्या बुडाभोवती फिरवून बघ, गोल लागला तर उघडला, एका बाजूला चपटा लागला तर थोडा फिरव. पहिले दोन-तीन महिने वरून पॅड लावून ठेव, त्यात कमीपणा काही नाही. खालची दांडी टोचत असेल तर ती कापता येते, पण पहिल्याच दिवशी कापू नकोस, कप बाहेर असतानाच काप आणि बूड सोडून काप.

श्वास रोखला गेला, अंग आवळलं गेलं, नाहीच गेला आत तर ठेवून दे, पुढच्या महिन्यात बघू. पण बोटसुद्धा जात नसेल, दर वेळी आग होऊन स्नायू घट्ट होत असतील तर जबरदस्ती करू नकोस, स्त्रीरोगतज्ज्ञांना दाखव. त्याला उपाय असतात, आणि काही मुलींमध्ये पडद्याचं छिद्रच लहान असतं किंवा मध्ये पट्टी असते, तेही तपासून कळतं.

आणि आईचं. पडदा म्हणजे योनीच्या तोंडाशी असलेली लवचिक त्वचेची कड, ती पहिल्यापासून उघडीच असते म्हणून तर पाळी बाहेर येते. कपने ती ताणली जाऊ शकते, थोडी फाटूही शकते, तशी ती इतर कशानेही ताणली जाते, आणि काही जणींना ती मुळातच नावापुरती असते. ती बघून मुलीचा शरीरसंबंध आला की नाही हे कुठलाही डॉक्टर सांगू शकत नाही. सुप्रीम कोर्टाने २०२२ मध्ये बलात्काराच्या केसमधल्या टू-फिंगर टेस्टबद्दल (योनीत दोन बोटं घालून करायची तपासणी) निकाल दिला तेव्हा स्पष्टच म्हटलं की ह्या तपासणीला शास्त्रीय आधार नाही आणि जो कुणी ती करेल तो गैरवर्तनाचा दोषी धरला जाईल. आईशी भांडू नकोस गं. तिला तिच्या वेळी कुणी काही सांगितलं नव्हतं, पाळीच्या कपड्याची घडी कशी घ्यायची आणि तो कुठे लपवून वाळत घालायचा एवढंच सांगितलं होतं. हे पानच तिला वाचायला दे.

प्रश्न : वय ३५, दोन मुलं, दोन्ही नॉर्मल डिलिव्हरी. कप घेतला पण दुसऱ्या दिवशी हमखास लीक होतो. आणि एकदा काढताना निघेचना, अर्धा तास बाथरूममध्ये घामाघूम झाले, बाहेर मुलं दार वाजवतायत. शेवटी निघाला पण आता हात लावायची हिंमत होत नाही. माझ्यासाठी हा नाहीच का? – कोल्हापूर

उत्तर : असेलही आणि नसेलही, पण एवढ्यावरून नाही ठरवता यायचं. काढायचं आधी, कारण भीती तिथली आहे. कप आतल्या भिंतींना धरून बसतो, थोडा व्हॅक्यूम होतो, म्हणून दांडी धरून ओढली की तो अजून घट्ट होतो आणि आपल्याला वाटतं आत ओढला जातोय. दांडी ओढायची नसतेच, ती फक्त बूड सापडावं म्हणून असते. उकिडवं बसा, संडासला जोर करतो तसा हलका जोर खाली द्या, कप आपोआप खाली सरकतो. अंगठा आणि बोट बुडापर्यंत न्या आणि बूड चिमटीत दाबा, दाबून धरा, हवा आत शिरली की सैल पडतो. मग सरळ न ओढता एक बाजू आधी तिरकी काढा, मग दुसरी. बोट पोचत नसेल तर उठा, पाणी प्या, दहा-पंधरा मिनिटं फिरून या, परत बसा. घाबरल्यावर ते स्नायू आवळतात आणि आवळले की निघत नाही, एवढाच तो चक्रव्यूह आहे. आणि खरंच बारा तास होत आले तरी नाहीच निघाला तर सरळ डॉक्टरकडे जायचं, त्यांना ते काढायला फार वेळ लागत नाही, ह्यात लाजण्यासारखं काय आहे.

आता लीक. कप पूर्ण उघडला नसेल, हे सगळ्यात कॉमन. दुसरं म्हणजे तो गर्भाशयाच्या तोंडाखाली न बसता त्याच्या शेजारी बसला असेल, मग रक्त बाजूने येतं, कप मात्र रिकामा निघतो. कप रिकामा आणि पॅड भरलेलं अशी अवस्था असेल तर ओळखा की जागा चुकली. तिसरं साईझ. बहुतेक कंपन्यांची लहान साईझ डिलिव्हरी न झालेल्या मुलींसाठी असते, तुम्ही ऑनलाइन स्वस्त दिसला म्हणून तीच घेतली असेल तर बघा. पोट साफ नसेल तरी कप दाबला जातो आणि गळतो, हे कुणी सांगत नाही.

अजून एक, आणि हे नीट वाचा. खोकताना, शिंकताना, मुलाला उचलताना ओलं होतं आणि ते रक्त नसून पाणचट असतं असं आहे का? तर ती लघवी आहे, कपचा काही दोष नाही. दोन नॉर्मल डिलिव्हरींनंतर ओटीपोटाखालचे स्नायू सैल पडतात, त्याचे व्यायाम असतात, फिजिओथेरपिस्ट शिकवतात आणि खूप फरक पडतो. आणि खाली जड वाटतं, काहीतरी उतरल्यासारखं वाटतं, म्हणजे आपण ज्याला अंग बाहेर येणं म्हणतो तसं काही असेल तर आधी तपासून घ्या, तोपर्यंत कप बाजूला ठेवा.

२०१९ मध्ये लॅन्सेट पब्लिक हेल्थ ह्या वैद्यकीय नियतकालिकात कपवरच्या ४३ अभ्यासांचा एकत्र आढावा आला होता, ३३०० च्या वर बायका-मुली होत्या त्यात. लीक होण्याचं प्रमाण पॅड किंवा टॅम्पॉन (आत घालायचा कापसाचा बोळा) ह्यांच्याइतकंच किंवा कमी निघालं, पण सवय व्हायला काही महिने लागतात हेही त्यात होतं. तेव्हा पहिल्या-दुसऱ्या महिन्यात जमलं नाही म्हणजे आपल्यातच काही खोट आहे असं समजू नका. तीन-चार पाळ्या द्या, मग ठरवा, आणि नाहीच आवडला तर नाही वापरायचा.

प्रश्न : मला कॉपर-टी बसवलीय, कप चालेल का? – जळगाव

उत्तर : ज्या डॉक्टरांनी बसवली त्यांना विचारल्याशिवाय नको. कप ओढून काढताना कॉपर-टी खाली सरकण्याचा किंवा बाहेर येण्याचा धोका असतो, आणि सरकलेली कॉपर-टी म्हणजे दिवस जायची शक्यता. डॉक्टर चालेल म्हणाले तर धागे आखूड करून घ्या, कप काढताना बूड दाबून हवा सोडल्याशिवाय खाली आणायचाच नाही, आणि दर पाळीनंतर बोटाने धागा आहे ना बघायचं. धागा लागला नाही किंवा एकदम लांब लागला तर दाखवायला जा. एवढी कटकट नको असेल तर कापडी पॅड किंवा पिरियड पँटी आहेतच की.

प्रश्न : मी सांगलीजवळ एकत्र कुटुंबात राहते. सासूबाई पाळीत स्वयंपाकघरात येऊ देत नाहीत आणि कप तर उकळायला लागतो. गॅसवर ते भांडं ठेवलं तर घरात महाभारत होईल. डेटॉलच्या पाण्यात ठेवला तर चालत नाही का? – एक सून

उत्तर : डेटॉल नको, सॅव्हलॉन नको, व्हिनेगर, ब्लीच, सुगंधी साबण काहीच नको. त्याचा अंश राहतो आणि आतली त्वचा फार नाजूक असते, आग होते, जंतुसंसर्ग होतो. उकळणंच खरं.

पण रोज उकळायचा नसतो हो. पाळी सुरू व्हायच्या आधी एकदा आणि संपल्यावर एकदा, बास. मधल्या दिवसांत पिण्याच्या पाण्याने किंवा साध्या बिनवासाच्या साबणाने धुतला की झालं. आणि दोन्ही वेळा तुम्ही "बाहेरच्या" नसता! तारीख साधारण माहीत असते, आदल्या आठवड्यात उकळून ठेवा आणि संपल्यावर न्हाऊन झालं की परत. त्यासाठी एक छोटं स्टीलचं पातेलं वेगळं ठेवा, कप बुडेल एवढं पाणी, पाच ते आठ मिनिटं, आणि समोरून हलू नका कारण पाणी आटलं की कप तळाला चिकटून जळतो. एखाद्या छोट्या गाळणीत ठेवून उकळला तर तळाला लागतच नाही. मग पुसून, कोरडा करून कापडी पिशवीत ठेवायचा, प्लॅस्टिकच्या घट्ट डबीत नाही, हवा लागायला हवी. छोटी इलेक्ट्रिक किटली किंवा इंडक्शन खोलीत ठेवता आलं तर प्रश्नच मिटला.

सासूबाईंना सांगायचं झालंच तर बाळाच्या बाटलीचं बूच आपण ह्याच गॅसवर उकळत होतो ह्याची आठवण करून द्या, बऱ्याच बाटल्यांची बुचं सिलिकॉनचीच असतात. आणि मनापासून सांगते, पाळीत स्वयंपाकघरात न जाण्याचा विश्रांती म्हणून फायदा होत असेल तर घ्या, पण विटाळ म्हणून कुणी बाजूला बसवत असेल तर ते मला पटत नाही, कधीच पटलेलं नाही. तुमच्या घरात तुम्ही किती बोलू शकता हे तुम्हालाच माहीत, मी इथे बसून शूरपणा शिकवणार नाही.

डाग पडले, रंग पिवळट झाला तर घाबरू नका, त्याने बिघडत नाही. चिकट झाला, चीर गेली, पापुद्रा निघायला लागला की मात्र टाकून द्या, मग कंपनी दहा वर्षं म्हणो की पाच.

प्रश्न : नमस्कार. मी पुरुष वाचक आहे, चालेल ना? सॅनिटरी पॅडचा कचरा किती होतो हे वाचून अस्वस्थ झालो. बायकोच्या वाढदिवसाला तिला कप द्यायचा विचार आहे. कुठला चांगला? – छत्रपती संभाजीनगर

उत्तर : चालेल काय, आनंदच झाला. पण सरप्राइज नका देऊ. तिच्या शरीरात काय जाणार हे तिने ठरवायचं, तुम्ही विषय काढा, हा अंक टेबलवर ठेवा आणि गप्प बसा. तिला हवा असेल तर साईझ तिच्याशिवाय निवडताच येत नाही.

कचऱ्याचं तुमचं म्हणणं खरं आहे. बाजारातल्या बहुतेक पॅडमध्ये वरची जाळी, खालचा थर, आतलं जेल सगळं प्लॅस्टिकच्या जातीचं, ते कुजत नाही. एका बाईला वर्षाला दीडशेच्या आसपास पॅड लागतात असं धरा आणि मग पूर्ण शहराचा हिशोब करा. आणि ते शेवटी कुणाच्या तरी हातात येतं. पुण्यात स्वच्छ ही कचरावेचकांची सहकारी संस्था आहे, त्यांच्या बायका रोज घरोघरचा कचरा हाताने वेगळा करतात आणि उघडी, रक्ताने माखलेली पॅड त्यांच्या हाताला लागतात. म्हणून त्यांनी रेड डॉटची मोहीम काढली, पॅड-डायपर कागदात गुंडाळून त्यावर लाल ठिपका काढायचा, म्हणजे वेचणारीला न उघडता कळतं. २०१६ च्या घनकचरा नियमांतही सॅनिटरी कचरा नीट गुंडाळून द्यायचा असंच होतं.

हे काम तुम्हाला आजपासून करता येतं, बायकोने कप घेवो न घेवो. बाथरूममध्ये कागद आणि लाल पेन ठेवा, गुंडाळलेला कचरा तुम्ही खाली नेऊन द्या. पृथ्वी वाचवायची जबाबदारी पाळी येणाऱ्या बाईच्या एकटीच्या डोक्यावर टाकू नका एवढीच कळकळीची विनंती. मला अशा पुष्कळ मुली भेटतात ज्यांना कप सोसत नाही आणि तरी अपराधी वाटतं म्हणून त्या ओढूनताणून वापरतात, हे फार वाईट आहे.

प्रश्न : ताई, मी बीड जिल्ह्यात आशा (गावातली आरोग्य कार्यकर्ती) आहे. आमच्याकडच्या बाया दिवाळीच्या सुमाराला ऊसतोडीला जातात ते उन्हाळ्यातच परततात. उसाच्या फडात संडास नाही, पाणी नाही, कपडा बदलायला आडोसा नाही. पाळीत पण खाडा केला तर पैसे कापतात. एका संस्थेचे लोक म्हणाले यांना कप वाटू. मी काय सांगू बायांना? – एक आशाताई

उत्तर : ताई, तुमचं पत्र मी किती वेळा वाचलं. तुम्ही ज्या बायांबद्दल लिहिताय त्यांच्याबद्दल २०१९ मध्ये सगळीकडे छापून आलं, गर्भपिशव्या काढून घेण्याचं प्रमाण किती भयानक आहे ते, सरकारने चौकशी समितीही नेमली. पाळी म्हणजे खाडा आणि खाडा म्हणजे दंड, मग पिशवीच नको असा हिशोब तिशीच्या आतल्या बाया करायला लागल्या. तेव्हा कपच्या आधी एक गोष्ट प्रत्येक बाईच्या कानावर घाला : अंगावरून पांढरं जातं म्हणून पिशवी काढायची नसते. पांढरं जाण्याला बहुतेक वेळा साध्या गोळ्या-औषधांनी गुण येतो. कुणी डॉक्टर कॅन्सर होईल म्हणून घाबरवत असेल तर दुसऱ्या डॉक्टरला, सरकारी दवाखान्यात दाखवल्याशिवाय होय म्हणू नका.

आता कप. फडातल्या बाईला त्याचा उपयोग होऊ शकतो, कदाचित शहरातल्या बाईपेक्षा जास्त. पहाटे कोपीवरून, म्हणजे झोपडीवरून निघताना बसवला की मधे बदलायला आडोसा शोधायला नको, संध्याकाळी कोपीवर येऊन काढायचा, ओला कपडा मांड्यांना घासून सोलवटतं ते थांबतं, आणि कपडा धुवायला जेवढं पाणी लागतं त्याच्या मानाने एक तांब्या पुष्कळ झाला. पण बारा तासांच्या वर ठेवायचा नाही ही अट आहे, आणि तोडीबरोबर गाडी भरायला थांबलं की बारा तास कधी उलटतात कळत नाही हे तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत. दुसरी अट हात. उसाचा चिकटा, माती असलेल्या हाताने कप काढला-घातला तर जंतू आत जाणार, तेव्हा साबणाची वडी आणि पाण्याची बाटली कपसोबतच हवी. उकळणं जमण्यासारखं आहे, चूल पेटतेच, एक जर्मनचं पातेलं वेगळं ठेवायचं.

पण वाटून मोकळं होण्याला माझा विरोध आहे. केरळात आलप्पुझा नगरपालिकेने २०१९ मध्ये थिंकळ नावाच्या प्रकल्पात पाच हजार कप फुकट दिले. २०१८ च्या पुरात मदत छावण्यांमध्ये वापरलेल्या पॅडचं करायचं काय हा प्रश्न उभा राहिला त्यातून ते निघालं. २०२२ च्या जानेवारीत एर्नाकुलम जिल्ह्यातलं कुंबळंगी हे गाव सॅनिटरी नॅपकिनमुक्त म्हणून जाहीर झालं. पण तिथे नुसती खोकी नाही वाटली, आधी बायकांना बसवून शिकवलं. तुमच्या संस्थेच्या लोकांना विचारा की कप दिल्यावर पुढचे तीन-चार महिने कोण असणार आहे? बाया तर तेव्हा कारखान्यावर असतील, तुम्ही गावात. मग निघायच्या आधीच, म्हणजे गावात असतानाच दोन-तीन पाळ्या वापरून व्हायला हव्यात, श्रावण-भाद्रपदात सुरुवात करा. ज्या मागतील त्यांनाच द्या. टोळीतली एखादी वापरणारी तयार झाली की बाकीच्या तिलाच विचारतील. ज्यांना आत्ता अंगावरून दह्यासारखं, वासाचं, खाज येणारं जातंय त्यांनी आधी औषध घ्यायचं, ते पूर्ण बरं झाल्यावर कप. नुकतीच डिलिव्हरी झालेलीला निदान सहा आठवडे आणि सगळं थांबेपर्यंत नाही.

आणि कप दिला म्हणून कुणी मुकादम, कारखानेवाला असं म्हणायला नको की आता बायांची सोय झाली. फडावर संडास, पिण्याचं पाणी, पाळीत एक दिवस दंड न कापणं ह्या मागण्या तशाच उभ्या आहेत.

प्रश्न : मुलगी १३ वर्षांची, पोहण्याच्या स्पर्धेत उतरते. पाळीत प्रॅक्टिस बुडते म्हणून रडते. इतक्या लहान वयात कप देऊ का? – एक आई, पणजी

उत्तर : वयाची अशी ठरलेली रेघ नाहीये, केनियात तर शाळकरी मुलींना कप देऊन अभ्यास झालेत. तिला स्वतःला हवा असेल आणि आपल्या शरीराला हात लावायला ती घाबरत नसेल तर छोट्या, मऊ साईझचा देऊन बघा. पहिल्यांदा तुम्ही दाराबाहेर थांबा, सांगा, पण तुम्ही बसवायला जाऊ नका. तिने नको म्हटलं तर विषय सोडून द्या, सहा महिन्यांनी स्वतः येऊन विचारेल. पोहायला पिरियड स्विमवेअरही मिळतात, कमी जाणाऱ्या दिवसांत ते पुरतात.

एक सगळ्यांसाठीच सांगते, पण मुलींच्या आयांनी खास लक्षात ठेवा. टॉक्सिक शॉक सिंड्रोम म्हणून एक आजार आहे, जंतूंच्या विषामुळे होतो, टॅम्पॉनमुळे तो जास्त माहीत झाला, कपमुळे फार क्वचित झालाय पण झालाय. कप आत असताना अचानक जोराचा ताप, उलट्या-जुलाब, चक्कर, अंगावर लाल पुरळ असं काही झालं तर कप लगेच काढायचा आणि थेट हॉस्पिटल गाठायचं, डॉक्टरांना कप वापरत होते हे सांगायचं. लपवायचं नाही.

प्रश्न : वय ४४. गेले वर्षभर पाळीत खूप जातं, गाठी पडतात. कप लावला तर दोन-अडीच तासांत भरून वाहतो. घरचे म्हणतात पाळी जायच्या वयात असंच होतं, दुर्लक्ष कर. कप मोठा घेऊ का? – ठाणे

उत्तर : कप मोठा घेऊन हे सुटणार नाही. तुमच्या कपनेच तुम्हाला एक महत्त्वाची गोष्ट दाखवलीय. पॅडवर किती गेलं हे कुणालाच नीट सांगता येत नाही, कपवर मात्र बऱ्याचदा मिलीच्या रेघा असतात. साधारण बाईचं पूर्ण पाळीत मिळून ३० ते ४० मिली रक्त जातं, म्हणजे औषधाच्या बाटलीच्या झाकणाने मोजलं तर तीन-चार झाकणं. ८० मिलीच्या वर गेलं की डॉक्टर त्याला जास्त म्हणतात. मोठा कप २५-३० मिलीचा असतो, तुमचा अडीच तासांत भरत असेल तर एका दिवसाचा हिशोब तुम्हीच करा. कपात रक्ताबरोबर बाकीचा स्रावही असतो हे खरं, त्यामुळे आकडा अगदी तंतोतंत नाही, पण एवढा फरक त्याने पडत नाही.

पाळी जायच्या वयात असं होतं म्हणून सोडून द्यायचं नसतं. फायब्रॉइड म्हणजे गर्भाशयातली गाठ असेल, गर्भाशयाचं अस्तर जाड झालं असेल, थायरॉइड असेल, आणि ह्या वयात अस्तराचा कॅन्सर नाही ना हेही बघावं लागतं. ह्या पाळीत प्रत्येक वेळी कप रिकामा करताना किती वाजता आणि किती मिली ते मोबाइलमध्ये लिहून ठेवा, केवढी गाठ पडली तेही लिहा. ती यादी घेऊन स्त्रीरोगतज्ज्ञांकडे जा, सोनोग्राफी आणि हिमोग्लोबिन करून घ्या. जिना चढताना धाप लागते का, केस गळतात का, बर्फ किंवा माती खावीशी वाटते का, हे रक्त कमी झालंय का ते बघायला विचारतील तेव्हा "घरचंच काम असतं हो" म्हणून टाळू नका. तासातासाला भरायला लागला किंवा उठल्यावर डोळ्यापुढे अंधारी आली तर अपॉइंटमेंटची वाट बघू नका, त्याच दिवशी जा. आणि पहिल्याच भेटीत कुणी पिशवी काढून टाका म्हणालं तर गोळ्या, इंजेक्शन, गर्भाशयात बसवायची हार्मोनची कॉइल हे पर्याय माझ्या बाबतीत का नाहीत असं विचारा, उत्तर पटलं नाही तर दुसरं मत घ्या. काय म्हणाले डॉक्टर ते मला कळवा, मी वाट बघतेय.